पायपेटीतला श्वास

दि. ९ मार्च, रविवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे अनुमती देतील तितके वाकून प्रभूमध्ये सलाम.

अकरा वर्षांनी माझे अक्षर पाहून कोणी तरी गेले असे तुला वाटेल. तसे नाही. सर्व हयात आहेत. माझे उदर तर उत्तरोत्तर अधिकच हयात होत असून तुझ्या भावजयीने त्यास 'संस्थान' ही पदवी दिली आहे. चर्चच्या छताची गळती थांबली. पुढच्या बाकावरचे मंडळीचे ज्येष्ठ पंच अद्याप प्रवचनाच्या प्रारंभीच समाधिस्थ होतात.

पायपेटीवादक म्हणून माझी कारकीर्द निर्वेध चालली होती. वैगुण्य एकच: प्रत्येक गीत मी मूळ सुराहून चढे धरीत असे, जेणेकरून मधल्या सप्तकातील एका पट्टीस माझे बोट लागू नये. म्हाताऱ्यांच्या मानेवरच्या शिरा ताणल्या जात. एक पाहुणा म्हणाला, "तुमची मंडळी फार आवेशाने गाते हो!" ते श्रेय मी सविनय स्वीकारले.

ती पट्टी कोणती, हे तुला सांगायला नको.

दर शनिवारी बाबा पेटीचे मागचे झाकण काढीत, पितळी आकड्याने प्रत्येक पट्टीची सूर देणारी पत्ती ओढून बाहेर घेत, पुसून पुन्हा बसवीत. ती विद्या त्यांनी आपणा दोघांना दिली. स्टूल मात्र तुला दिले. "माझ्यामागे पेटीवर ताई," हे त्यांनी मंडळीसमोर सांगितले, तेव्हा मी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. उत्तम अभिनय होता.

ताई, त्यांच्या अंत्यविधीच्या सकाळी त्या पट्टीची पत्ती मी काढली.

त्यांच्या आवडत्या गीताच्या पहिल्याच ओळीत तू तिथे पोहोचलीस आणि सूर आला नाही, नुसती हवा आली. तू पुन्हा दाबलीस. पुन्हा हवा. समोर बाबांची शवपेटी, मागे थिजलेली मंडळी. सगळे दफनभूमीकडे निघाले, तेव्हा खुर्च्या आवरण्याच्या मिषाने मी मागे राहिलो आणि पत्ती परत बसवली. संध्याकाळी तू वडील मंडळींना सांगत होतीस, "पट्टी वाजलीच नाही हो." मी पुढे झालो, सर्वांसमक्ष ती दाबली आणि म्हणालो, "वाजते की!"

तू माझ्याकडे पाहिलेस. तुझा हात घाबरला आणि वर तू सबब सांगितलीस, असे ठरले. तू गाव सोडलेस. मला स्टूल मिळाले.

तेव्हापासून ती पट्टी दाबली की मला सूर ऐकू येत नसे. शेवटच्या आठवड्यातला बाबांचा श्वास आठवतो तुला? ओढलेला, मध्येच अडणारा? तो येई. पुढे पुढे झाकण बंद असतानाही येऊ लागला.

तीन आठवड्यांपूर्वी नवे पाळक सरावाच्या वेळी आले. वयाने माझ्या धाकट्या मेव्हण्याएवढे, मुद्रा भाबडी.

"काका, सगळी गाणी इतकी वर का धरता?"

"स्वर्ग वरच्या दिशेस असल्याची माझी माहिती आहे," मी म्हणालो.

ते हसले. "ही पट्टी बिघडलीय का?" म्हणून त्यांनी भात्यावर पाय दिला आणि नेमकी तीच दाबली. "वाजते की!"

मी फरशीवर बसलो, ताई. संस्थानासह. सगळे सांगून टाकले.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "पेटीला आता हात लावायचा नाही. आधी मंडळीसमोर सांगा, मग ताईंना लिहा."

"आणि उपासना? पेटीवाचून कशी होणार?"

"ती देवाची आहे हो काका. तुमची नाही."

आज्ञापालन हा माझा प्रांत नव्हे. दोन रविवार मी शेवटच्या बाकावर अपमानित सम्राटासारखा बसून काढले. आज उठलो. रचलेले भाषण खिशातच राहिले. एवढेच म्हणालो, "पत्ती मी काढली होती. ताईची चूक नव्हती."

मग दाराशी उभ्या असणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या द्वारपालांनी बाबांचे तेच गीत सुरू केले, मूळ सुरात, खाली. हळूहळू सगळे गाऊ लागले. ती जागा आली आणि तो श्वास मला पुन्हा ऐकू आला. या खेपेस तो माझ्याच छातीतून निघाला होता, आणि त्याच्यामागोमाग सूर आला. मी गात होतो! अकरा वर्षे इतरांना गायला लावणारा मी, रडत, बेसूर, मोठ्याने. त्या क्षणी कोणी स्टूल देऊ केले असते तरी नको म्हणालो असतो. इतके हलके मला बाबांच्या खांद्यावरून उतरल्यापासून वाटले नव्हते.

तरी खोटे लिहीत नाही. सर्व गेल्यावर मी एकटा थांबलो, तेव्हा बंद झाकणाखालून तो श्वास आलाच. परंतु मी पळालो नाही. बसून ऐकला. कोणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो, तसा वाटला.

मला क्षमा कर. करता येत नसेल, तर तेही मला शोभेल असेच आहे. स्टूल रिकामे आहे. मी त्यावर बसणार नाही. सोबत बाबांचा पितळी आकडा पाठवीत आहे. इतकी वर्षे तो माझ्या खिशात होता.

त्या संध्याकाळी "वाजते की" म्हणणारा,
तुझा भाऊ