पावणेचार

मदिनत खलीफा, दोहा
२५ सप्टेंबर २०२२

ती. आई,

नमस्कार. आम्ही तिघंही बरी आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? शेजारचे संजीवभावजी उद्या नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. सोबत इथल्या सूक वाकिफ बाजारातला खजूर आहे. सगळा गल्लीत वाटून टाकू नका, स्वतःही खा.

रोज फोनवर भेटतो तरी ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणाल. काही गोष्टी बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून.

इथं वर्ल्ड कपची नुसती धांदल आहे. काल गेलेला रस्ता आज बंद असतो. प्रताप स्टेडियमवरून घरी येतो तो जेवायला आणि झोपायला. डिसेंबरला त्याचं कॉन्ट्रॅक्ट खलास. पुढचं विचारलं की इन्शाल्ला म्हणतो आणि टीव्ही लावतो.

म्हणूनच नुपूरच्या शाळेवरून आमची रोज जुंपते. एप्रिलमध्ये तिला शाळेतून काढलं, ते तुम्हाला माहीत आहे. बोलताना अडखळते म्हणून पोरं हसायची, मग तिनं तोंडच मिटलं. घरीसुद्धा मान हलवून काम भागवायची. प्रताप म्हणतो, आपल्याकडच्या सरकारी ऑनलाइन शाळेत घालू. वेळापत्रक आहे, दाखला मिळेल, उद्या नाशिकला परतलो तर प्रवेशाला कुणी अडवणार नाही. मला ते पटतंही. आठवडाभर पहाटे साडेपाचला उठून वर्ग करून पाहिले. बाई फार चांगल्या आहेत हो, पण स्क्रीनवर चाळीस चेहरे, आणि हजेरीत हिचं नाव येईपर्यंत ही टेबलाखाली! मी म्हणते, घरीच शिकवू, आपली पुस्तकं, आपला वेग. तर सुरुवातीलाच म्हणाला, "आणि गणित कोण शिकवणार, तू?" खरंच आहे. अपूर्णांक दिसला की मीच पान उलटते.

जूनमध्ये, नुपूरला गणित शिकवशील का, असं विचारायला त्यानं तुम्हाला फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड लपवून उभी होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "नुपूरला सांग, तुमच्या घड्याळात रोज पावणेचारला फोन करीन."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. साडेतीनला बाहेर येऊन बघते तर नुपूरनं सरबताचे चार ग्लास मांडलेले, वाढदिवसाचा फ्रॉक घातलेला, आणि दाराशी बसलेली. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, "आ-आजी म्हणाली. पावणे चार."

चार पाहुणे! आई, मी पोट धरून हसले आणि मग मला रडूच कोसळलं. किती आठवड्यांनी पोरगी तोंड उघडून काही बोलली होती, आणि तेही मराठीत.

"पावणे" हा शब्द तिला कुणी दिला ते तुम्हाला माहीत आहे; पाहुण्यांना तुम्हीच पावणे म्हणता. २०१९ च्या गणपतीत, इथल्या मराठी मंडळाच्या बायकांपुढे ती म्हणाली, "आमच्याकडं पावणे आलेत." बायका हसल्या. मी पडले पुण्याची, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात हिच्याशी फक्त इंग्रजीच बोला, तुम्ही आता तिला फोन करू नका.

डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते, आई. ते सगळं माझं होतं. प्रतापलाही हे मी परवाच सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

तीन वर्षं तुम्ही एका शब्दानं जाब विचारला नाहीत. आणि बोलावल्याबरोबर चिंचोके घेऊन फोनवर तिला गणित शिकवायला बसलात. तुमच्याकडे तेव्हा सव्वासहा, देवाजवळ दिवा लावायची वेळ, पण एक दिवस चुकवला नाहीत. ती अडखळली की तुम्ही तिचा शब्द पुरा करत नाही. "बोल सावकाश, मला कुठं बाजाराला जायचंय?" म्हणता. मी आजवर तिचं प्रत्येक वाक्य तिच्या तोंडातून ओढून घेत होते. आता मीही थांबायला शिकले.

ऑनलाइन शाळेचा अर्ज तीस तारखेपर्यंत भरायचा आहे. प्रताप म्हणतो, आई शिकवणार असेल तर हे वर्ष घरीच. तेव्हा ते आता तुमच्यावर आहे. आणि काही दिवस इथं येऊनच शिकवलंत तर? एक नोव्हेंबरपासून व्हिजिट व्हिसा बंद होणार, त्याआधी यावं लागेल. माझा राग आला असेल तर सरळ नाही म्हणा. मी मुकाट्यानं अर्ज भरीन. तुमचा फोन मात्र बंद करू नका.

काल नुपूरला विचारलं, पावणेचार म्हणजे किती गं? बोटं मोजत म्हणाली, "तू, बाबा, मी. ती-तीन. आजी फोनमध्ये असते, म्हणजे पाऊणच. आपण पावणेचार."

उरलेला पाव घेऊन या, आई.

तुमच्याशी खोटं बोललेली, आणि तरीही तुमचीच,
आसावरी