सर्व्हरच्या गळ्यातला हार

खंडेनवमी, कोरेगाव

डोकं अजून तापलेलंच आहे. डेअरीत दूध मोजायचे तीन काटे, त्यांच्यासाठी सर्व्हरवर एकाच प्रोग्रॅमच्या तीन प्रती. मशीन सुरू होताना त्यातली एकच आपोआप सुरू होते; तिन्ही व्हाव्यात, एवढी सोय करू द्या म्हणून मॅनेजरच्या किती मागं लागलो! "चाललंय न्हवं? मग हात लावू नगंस." आज पूजेसाठी त्यांनीच मशीन बंद करून हार घातला. संध्याकाळी चालू केलं, तर एकच काटा सुरू. बाहेर दुधाची रांग, आणि हे म्हणतात, "पूजेच्या मशीनला आज हात लावायचा न्हाई." दूध नासलं तरी?

शेवटी तो हार मीच काढला, त्यांच्या खुर्चीला घातला आणि उरलेले दोन्ही काटे हातानं चालू केले. आज हार काम न करणाऱ्यालाच घालतात ना!