कडुलिंबाचा डहाळा

आई, तुझ्या नातीचा डोळा जातो आहे. तू तिला पाहिलं नाहीस. सात वर्षांची आहे. कर्जतच्या दवाखान्यात आत ती आणि तिची आई आहेत, मी बाहेरच्या बाकावर.

माझा डोळा गेला तो लहानपणी, चैत्रात. करवंदीचा काटा भुवईखाली लागला, दुसऱ्या दिवशी पापणी सुजून मिटली, मग ताप चढला. तू फोडणी बंद केलीस, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलास. बाबा म्हणाले, "कर्जतला रेल्वेचा डाक्टर हाय, नेतो पोराला." तू दारात आडवी उभी राहिलीस. "देवी आलीय घरात. औषध दावून तिला कोपवताव? उद्या फोड दिसतील." फोड दिसले नाहीत. तू पाल्यानं वारा घालतेस, माझ्यापुढे हात जोडतेस, मला 'आई' म्हणतेस. मी घाबरून रडतो. पाचव्या दिवशी डोळा पुढे आला, फुटला. ताप उतरला. तू देवीला दहीभात नेलास.

मी खालापुरात मास्तर झालो. देवीची लस टोचणारा शाळेत आला की मी मुलांना हा डोळा दाखवतो, तुझी गोष्ट सांगतो. मुलं हसतात, मीही हसतो. माझ्या पोरीला मीच सर्वांत आधी टोचून घेतलं. तिच्या दंडावर वण आहे.

सोमवारी तिच्या पापणीवरची रांजणवाडी तिनं नखानं फोडली. मंगळवारी पापणी उघडेना, अंग तापलं. बायको म्हणाली, "गाडी जुंपा." मी म्हणालो, "थांब गं, फोड येतात का बघू." तो वण माझ्यासमोर होता. तरी डहाळा मीच तोडून आणला. बुधवारी तिच्यापुढे हात जोडले. आज गुरुवार. वाटेत बायको एवढंच बोलली, "सासूबाई अडाणी होत्या. तुमी तर मास्तर."

डॉक्टरांनी पापणी उचलली. बुबुळ हलत नव्हतं. चिरा देऊन पू काढला. "डोळ्यामागं गेलंय. डोळा राहणार नाही. पोर राहते का ते बघू."

इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावून होतो. आता तेवढंही उरलं नाही. हा कागद मी चुलीत घालीन.

पापणी उचलण्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "सूज कधीपासून?" मी म्हणालो, "कालपासून." बायकोनं माझ्याकडे पाहिलं.