सुरूच्या बनातली तार

केळशी,
२ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पण मी खुशाल नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनला रेंज येते ती पुढच्या अंगणात, आणि अंगणात हे बसलेले. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याच देखत कसं बोलू?

दिवाळी झाल्यापासून ह्यांचं नवीनच सुरू झालंय. दिवस कलला की रेडिओ पिशवीत घालतात, खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेतात आणि समुद्राच्या पुळणीवर सुरूच्या बनात जाऊन बसतात. तार या झाडावरून त्या झाडावर बांधतात. सोबत एक वही. दोन तासांनी परत. विचारलं तर म्हणतात, बातम्या ऐकतो. का, घरातल्या टीव्हीवर बातम्या नाहीत? आणि बातम्यांच्या वहीला कुलूप कशाला? ती पेटीत असते आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात.

परवा मी मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, चोरासारखी गेले. रेडिओत एक बाई अरबीत बोलत होती, आवाज भरतीच्या पाण्यासारखा मागे-पुढे होत होता. हे डोळे मिटून, एक कान हाताने दाबून ऐकत होते. माझं बोलणं इतक्या मन लावून त्यांनी कधी ऐकलं नाही. अकरा वर्षं हे आखातात टगबोटीच्या इंजिनावर होते आणि मी इथे नारळीच्या आगराला पाणी लावत होते, हे तुला ठाऊकच आहे. तिकडे कोण होतं, कोण नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

त्यात गेल्या आठवड्यात परदेशी तिकिटाचा लिफाफा आला. पोस्टमनच्या हातून ह्यांनीच घेतला. वाचताना डोळे भरले. कुणाचं म्हणून विचारलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेजारची गंगासुद्धा विचारते, भावोजी तारा कसल्या बांधतात म्हणून. काय सांगू तिला?

वहिनीला नमस्कार. बहिणीवर सावली धरतोस ती काढून घेऊ नकोस.
तुझी,
सावित्री


देवरूख,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सावित्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकही वेलांटी चुकलेली नाही. लहानपणी मी मास्तरकी गाजवली ती फुकट गेली नाही म्हणायची.

मजकूर मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाईचं म्हणतेस ते मला पटत नाही. साठी उलटलेला, गुडघे धरून जिना चढणारा माणूस तो. मला शंका येते ती वेगळीच. समुद्रकिनारा, तार, ठरलेली वेळ, कुलपातली वही आणि परदेशी पत्र. एकेक गोष्ट साधी आहे, पण सगळ्या एका जागी आल्या की साध्या राहत नाहीत. भागोजीराव सरळ आहेत. पण सरळ माणसालाच कुणीतरी वापरून घेतं. रेडिओ नुसता ऐकायचा असतो हे मलाही कळतं. ऐकून ते लिहून काय घेतात, हा प्रश्न उरतोच.

त्यांना कळू न देता वहीतलं एक पान जसंच्या तसं उतरवून पाठव. पुढचं मी बघतो.

जिवाला जप. तुझ्या वहिनीने कुळथाचं पीठ काढून ठेवलंय, कुणी येणारं मिळालं की पाठवतो.
तुझा,
सखारामदादा


केळशी,
१७ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

हे आंघोळीला गेले तेवढ्यात किल्ली घेतली. घाईत कुलूप दोनदा सुटलं हातातून. पान सोबत पाठवते आहे, पण त्यावरचं इथेही लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाही. ६.४२, डा., आली, स्पष्ट. ६.५०, उ., आली, बारीक. ७.०४, डा., आली, हसली. ७.११, उ., आली नाही.

दादा, कोण आली? कोण हसली? मी लग्नानंतर किती वेळा हसले त्याची कुणी नोंद ठेवली नाही. तो लिफाफा वहीतच होता. आत एक कार्ड, त्यावर समुद्राचं चित्र, मागे इंग्रजी मजकूर आणि शिक्का. इंग्रजी मला कुठलं कळायला?

संध्याकाळी ह्यांना वाढताना माझी मान वर झाली नाही. तू म्हणालास म्हणून केलं हे. आता काय ते तू सांग.
तुझ्याच भरवशावर असलेली,
सावित्री


केळशी,
९ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

पान मिळालं, घाबरू नको, एवढंच तू कळवलंस. इथे मात्र नको ते घडलं. परवा मंगळवारी सकाळी सागरी पोलीस आले. रेडिओ, वही, तार सगळं घेतलं आणि ह्यांना गाडीत बसवलं. अख्खी वाडी दगडी गडग्याला टेकून बघत होती. मी पायात चपला घालायला विसरले, तशीच गाडीत चढले.

मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. आतलं सगळं ऐकू येत होतं. अधिकारी विचारत आणि हे भलतंच उत्तर देत. तार कुणी दिली म्हणून विचारलं, तर म्हणाले चारच्या सुमाराला. अधिकाऱ्याला वाटलं टवाळी करतात. त्यांचा आवाज चढला, तसे हे जास्तच गोंधळले. तेवढ्यात तिथली एक पोलीस मुलगी, समीक्षा नावाची, ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने जोरात टाळी वाजवली. ह्यांनी मान वळवली नाही. मग ती समोर येऊन बसली आणि प्रश्न कागदावर लिहायला लागली. ह्यांनीही तीन पानं लिहून उत्तरं दिली.

दादा, ह्यांचा उजवा कान गेलाय. डावाही जातो आहे. दिवाळीत दापोलीला गुडघ्याच्या औषधाला म्हणून गेले ते कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. डा. म्हणजे डावा, उ. म्हणजे उजवा. आली म्हणजे रेडिओची लहर आली. हसली ती बातम्या देणारी कुणी परकी बाई. मी आपली समजत होते, हे माझ्याकडे दुर्लक्ष करतात.

दुपारी सगळ्या वस्तू परत देऊन सोडलं. पण पोलिसांना सांगितलं कुणी? गंगानेच. तारा कसल्या म्हणून तीच विचारत होती. तिच्याशी मी बोलणं टाकलंय. काल तिने ताटलीतून तांदळाचे शिरवाळे पाठवले, तसेच परत केले.

लवकर लिही.
तुझी,
सावित्री


केळशी,
१२ जानेवारी २०२५

श्री. सखारामभाऊ यांस,
भागोजीचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुम्ही जाणता. पण ज्याला फोनवर ऐकू येत नाही त्याने दुसरं काय करावं?

पोलिसांच्या टेबलावर माझ्या वहीशेजारी एक पान होतं. अक्षर सावित्रीचं. अकरा वर्षं त्याच अक्षराची पत्रं उशाखाली घेऊन झोपलो, ते मी ओळखणार नाही होय? ती असलं पान तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही. राग आला नाही असं लिहिणार होतो. आला.

आता माझं ऐका. तिकडे संध्याकाळी धक्क्यावर बसलं की रेडिओवर आपल्या किनाऱ्याची मराठी ऐकू यायची. खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्ह लांब जाते, थंडीत तर जास्तच. म्हणून डॉक्टरने कानाचं सांगितल्यावर ठरवलं की इथे बसून तिकडची केंद्रं ऐकायची. बारीक आवाज हीच माझी मोजपट्टी. आरंभी नऊ केंद्रं लागत होती, नाताळापर्यंत पाच उरली. पण पहिल्या आठवड्यातच मला माझाच संशय आला होता. मी खरंच ऐकतो आहे, की जुनं आठवतं आहे? एका केंद्राला मोडक्या इंग्रजीत वेळ कळवली आणि लिहिलं की बाई हवामान सांगताना अडखळली आणि हसली. त्यांचं कार्ड आलं, सगळं बरोबर आहे म्हणून. मी वेडा झालो नव्हतो.

सावित्रीला का नाही सांगितलं? अकरा वर्षं तिचं बोलणं मी कागदावर ऐकलं. आता कुठे समोरासमोर आलो, तर तेही जाणार हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

एकच मागणं आहे. ते पान मी पाहिलं हे तिला कधीही कळू देऊ नका. आपल्या हाताने हे झालं असं ती आयुष्यभर मनात धरून बसेल.
आपला,
भागोजी


केळशी,
२२ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ह्यांनी गप्प राहायला सांगितलं असूनही तू लिहिलंस, कारण गंगावर खोटा आळ राहिला असता. हे एक चांगलं केलंस. बाकीचं चांगलं केलं नाहीस. शंका आली तर एसटीत बसून इथे यायचं होतंस, ह्यांच्यासमोर बसून विचारायचं होतंस. तू माझं पान घेऊन थेट पोलिसांत गेलास. पण कुलूप माझ्याच हाताने उघडलं होतं, म्हणून तुला यापेक्षा जास्त बोलत नाही.

मी ठरवलं, ह्यांना आपणच सांगायचं. जेवताना हळूच म्हटलं, ते पान मी उतरवलं होतं. तर म्हणाले, हो, आमटी झकास झालीये. हात धुताना पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, उद्या आणतो. शेवटी अंगणात गेले, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडले की ते पान मी लिहिलं, मी, मला वाटलं तुमची तिकडे बाई आहे! आंब्यावरचे कावळे उडाले.  हे म्हणाले की अक्षर तेव्हाच ओळखलं होतं. आणि माझा हात धरून रडले. तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं मी ते.

त्यानंतर गंगाची माफी मागायला गेले. ती म्हणाली, पुन्हा सांगू नको गो, सगळ्या वाडीला पोचलंय.

येत्या तीन तारखेला, सोमवारी, ह्यांना कानाचं मशीन बसवायला रत्नागिरीला नेते आहे. तू तिथल्या एसटी स्टँडवर ये. तुला ह्यांना जे सांगायचं असेल ते पत्रात लिहू नकोस. ह्यांच्या डाव्या बाजूला उभा राहा आणि मोठ्याने सांग. लोक ऐकतील. ऐकू देत.

वहिनीलाही घेऊन ये. रागावले आहे, तरी तुझीच,
सावित्री