नाव पुसलेली अक्षरं

प्रताप नगर, नागपूर
११ सप्टेंबर १९८९

लहानू भाऊजींना,
मनकर्णाचा जयभीम.

आम्ही बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा दुखतो, तरी सकाळची वंदना झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमची नीलिमा नववीत गेली. माझं शाळेत शिकवणं सुरू आहे. सासूबाई तुमची चौकशी करतात. पुण्यात तुमचं चांगलं चाललंय, एवढं मी सांगते.

तुमचं पत्र मिळालं. मुंबईची कंपनी तुमचा दवाखान्याचा प्रोग्राम घेऊन देशभर विकणार, हे वाचलं. त्यांच्या वकिलाची अट आहे म्हणे, की प्रोग्रामात दुसऱ्या कोणी लिहिलेलं काही जोडलं असेल तर त्याच्या मालकाची लेखी परवानगी हवी. म्हणून तुम्हाला दादा आठवले. ते गेले, तर त्यांची बायको म्हणून मी सही करावी. कागदही तुम्हीच टाइप करून पाठवलात. वहिनी, नुसती औपचारिकता आहे, असं लिहिलंत.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. पण तुमच्या प्रोग्रामातली ती मराठी अक्षरं कशी झाली ते मी पाहिलं आहे. रामदासपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासात दिवसभर शिकवून हे घरी यायचे आणि चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्यांनी बसवायचे. प्रिंटरवर मराठी उमटवणारं हे काम कोणालाही आपल्या प्रोग्रामात जोडता यावं, म्हणून त्यांनी ते वेगळं बांधलं होतं. तुम्ही मागितलं, त्यांनी दिलं. एवढंच म्हणाले, की प्रत्येक प्रतीवर लिहिणाऱ्याचं नाव राहू दे आणि पुढे कोणाला विकायला देशील तर आधी मला विचार. तुम्ही हो म्हणालात आणि माझ्या हातचं जेवून गेलात.

पुढे हे तीच अक्षरं एका छापखान्याला दाखवायला गेले. घरी येऊन म्हणाले, काम झालं नाही. हे गेल्यावर तो छापखानेवाला भेटायला आला, तेव्हा मला बाकीचं कळलं. हे तर लहानूरावांचं आहे, तुम्ही भावाचं उचललं काय, असं त्याने यांना विचारलं होतं. चारचौघांत.

यांच्या शेवटच्या आजारातलं, धंतोलीच्या दवाखान्यातलं, मला लिहायचं नव्हतं. पण तुम्ही ‘औपचारिकता’ लिहिलंत.

नर्सने औषधांचा छापील कागद दिला, मराठीत. यांनी चष्मा मागितला. ‘हा ळ माह्या हातचा हाय,’ म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग खाली तुमच्या कंपनीचं नाव वाचलं. सर्व हक्क तुमचे. त्यांनी कागदाची घडी घातली आणि जेवण परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी चहा आणायला गेले, असं तुम्हाला वाटलं. मी दाराबाहेरच होते.

‘माहं नाव काहून काढलं गा?’

‘दादा, स्क्रीनवर जागा नव्हती.’

यांनी भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही सफरचंदं ठेवून निघालात, ते एकदम मयतीलाच आलात. तिथे सगळ्यांत मोठ्याने रडलात.

तुम्ही गेल्यावर यांनी मला जवळ बोलावलं. ‘दवाखान्यातलं बंद नको करू वं. खेड्यातले लोक वाचून औषध घेऊन राहिले.’ तुमच्याबद्दल एक शब्द नाही. तसं मन माझं नाही.

मी सही केली आहे, पण तुमच्या कागदावर नाही. मी लिहिलेला कागद सोबत आहे. आज ज्या दवाखान्यांत ही अक्षरं चालतात तिथे ती चालू राहू देत, मात्र यांचं नाव घालून. मुंबईच्या कंपनीला एकही प्रत देण्याची परवानगी नाही. याची नक्कल आजच त्यांच्या वकिलाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पत्ता तुमच्याच कागदावर होता.

तुम्ही म्हणाल, दादांनी दिली असती. दिलीच असती. ते जिवंत होते तेव्हा विचारायचं होतं.

सासूबाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना लिहीत जा, त्या वाट पाहतात. मला यापुढे वहिनी लिहू नका.

फक्त त्यांची बायको,
मनकर्णा