सिनिऑरिटीची यादी

अलीगंज, लखनौ
५ जुलै १९९८

धैर्यशील,

नोकरी सोडून मॅनेजमेंट शिकायला चालले म्हटल्यावर, माझाच पेढा खात तू अख्ख्या ऑफिससमोर म्हणालास, "तुमचं बरंय, कोटा असतो." मी हसले. त्या हसण्याचाच राग अजून जात नाही.

हो, फॉर्मवर मी अनुसूचित जातीच्या चौकटीत खूण केली. बाबा म्हणाले, "नीलम, खुल्यातून भर, लोग बातें करेंगे." म्हटलं, करू देत. माझ्या आजीला शाळेच्या दाराबाहेर बसवायचे. मी दारातून आत जाणार.

तू मामांच्या कंपनीत लागलास, त्याला कुणी कोटा म्हटलं नाही. दोन वर्षं तुझे कॉम्प्युटरचे प्रोग्राम मी दुरुस्त केले आणि शाबासकी तू घेतलीस.

शेवटच्या दिवशीही एक तपासला. कंपनीतल्या लोकांच्या सिनिऑरिटीच्या यादीचा. त्यात तू साल दोनच आकड्यांत धरलंयस. २००० साली लागलेला नवखा त्यात शून्य साली लागलेला, म्हणजे सगळ्यांत जुना ठरेल आणि थेट तुझ्या डोक्यावर बसेल. मी हात लावला नाही.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तू चूक सुधारशील. यादी लागेल तेव्हा खुशाल ओरड, "मेरिट, मेरिट!"

तुझ्या चुका यापुढे न सुधारणारी,
नीलम