टेप शोकेसात नको ठेवू

प्रिय रोशनी,

जय भीम, माहे बाई. परवा फोनवर तू किती खुशीत सांगत होती, का रविवारी तळेगावले येते, आबाजीची गाडी वर्ध्याले घेऊन जाते, तिच्यातला जुना टेप काढून तिथं नवा स्क्रीन बसवते, अन् तो टेप धुऊनपुसून आबाजीच्या फोटोखाली शोकेसात ठेवते. त्याहीच्या वर्षाच्या दिवशी समद्या पाहुण्याईले दिसंल म्हणे. तुह्या बोलण्याची गाडी धडाधड चालू, मले मधात बोलाले जागाच नाई सापडली. मंग फोन कटला. म्हणून चौथी शिकलेली तुही आजी हे लिहून राह्यली. अक्षर वाकडं आहे, पण रविवारच्या आधी समदं वाचजो. टेप काढू नको.

पह्यले आनंदाची गोष्ट सांगते. टेप चालू झाला! बाजारातला कैलास आहे ना, मिक्सर-पंखे दुरुस्त करते तो, त्याले सोमवारी घरी बोलावलं. तो म्हणे, आजी, असा टेप आता भंगारवाला बी तोंड वाकडं करून घेते. मी म्हटलं, तू आधी खोल, मंग बोल. आतमधला रबराचा पट्टा पघळून गुळावानी चिकट झाला होता. त्यानं कुठून तरी दुसरा पट्टा आणला, बॅटरी चार्ज केली, अन् बटन दाबलं तर रेडिओ लागला बाई! नागपूरवाले तुरीवरच्या अळीचं सांगून राह्यले होते. अळीचं ऐकून कोणाले इतका आनंद झाला नसंल. शेजारची सुलोचनाबाई चहा घेऊनच आली, गाडीत बसूनच पेलो आम्ही. तिच्या सुनेले मुलगी झाली, सांगायचं राह्यलंच. नाकाडोळ्यानं चांगली आहे.

तर टेप कसा वापरा लागते ते ध्यानात ठेव. गाडी बंद करायच्या आधी कॅसेट बाहेर काढाची. तशीच चावी फिरवली तर फीत रबराच्या चाकात दबून राह्यते, अन् दुसऱ्या दिवशी आत गुंडाळून बसते. गुंडाळली तर ओढाची नाई, हळू सोडवून पेन्सिलीनं फिरवत आत घ्याची. आपल्याकडच्या उन्हात कॅसेट काचेजवळ ठेवशील तर झालंच! तुह्या बापाच्या लग्नाची कॅसेट मी एका मे महिन्यात तिथं विसरली, संध्याकाळी पाह्यलं तर कुरडईवानी वाकडी. तुह्या मायनं अजून मले त्याचा टोमणा माराचं सोडलं नाई. रेडिओची दांडी उभी कराची, पण झाडाखालून जाताना खाली. अन् आवाज फाटका येऊ लागला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आतलं हेड, जिथं फीत घासते ते, पुसाचं. तेल नाई घालाचं. तेलाचं मी तुले ठासून सांगते, कारण मी घातलं आहे.

तवा मी ब्लाऊज शिवत होती. मशीन कुरकुरली का दोन थेंब तेल, हेच मले ठाऊक. टेप कुरकुरला, मी त्याले बी दोन थेंब दिले, वरून आणखी एक, प्रेमानं. मंग भीमगीत लावलं, तर गाणारा असा आवाज काढे का जसा झोपेतून म्हशीनं हंबरावं. माही सासू ओसरीवर बसली होती, ती लागली ओरडाले, कोणं मोडलं म्हणून. मी तर ढोराईच्या कोठ्यातच लपली. तुहे आबाजी गाडीखाली होते, तेथूनच म्हणाले, माह्या हातानं झालं, माय. हातात तर त्याहीच्या पाना होता, तेलाची बाटली माह्या पदराखाली. तरी आपल्यावर घेतलं.

अन् पवनारले जाणं! माहेरी जाताना धाम नदीचा पूल दिसे तवर दोन कॅसेटा पुऱ्या होत. मी मोठ्यानं गायची, आबाजी गाडी चालवत, तुहा बाप मागं झोपलेला. आर्वीच्या नाक्यावर पोलीस बी वळून पाहे.

आता खरं सांगते, हे काऊन लिहिलं ते. तो टेप आबाजीचा नाईच, रोशनी. माहा आहे. माह्या शिलाईच्या कमाईतून मी आर्वीहून आणला. तवा बाईच्या हौशीसाठी गाडीत टेप लावला म्हणून कळलं असतं, तर गावानं त्याहीले जोरू का गुलाम म्हटलं असतं अन् सासूनं मले सोडलं नसतं. म्हणून ते समद्याईले सांगत, मले गाण्याचा नाद आहे. मरेपर्यंत तेच सांगितलं. त्या माणसाले गाणं मुळीच आवडत नव्हतं! इंजिनाचा आवाज ऐकू येत नाई म्हणून आतल्या आत चिडत. पण माह्या माहेरच्या रस्त्यावर एकदा बी टेप बंद नाई केला. त्याहीच्या फोटोखाली ठेवाचं तर त्याहीचा पाना ठेव. मी अजून जित्ती आहो, माही वस्तू शोकेसात नको. स्क्रीन पाहिजे तर दुसरीकडे कुठं बी बसव, गाडी आता तुही आहे. मी पिशवी भरून ठेवली आहे. रविवारी तुह्यासंगं वर्ध्याले येते, आठ दिवस राह्यते. पुढची सीट रिकामी ठेवजो.

तुहीच गाणारी आजी,
अन्नपूर्णा